कुरुळीच्या गाळ्यातला टेलिप्रिंटर कोणाकडे जाईल

लिहून ठेवणार: ज्योतीराम किसन वायकुळे, वय वर्षे ५६, धंदा यंत्रदुरुस्ती, शिक्षण दहावी पास (दुसऱ्या खेपेस), मूळचा बार्शी तालुक्यातला, गेली अडतीस वर्षे राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी.

येत्या सोमवारी, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी, माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघाड पंपात आहे, डोक्यात नाही, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दाबाखाली न येता, राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकील चित्राबाईंनी छापील नमुना दिला होता. त्याच्या पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या तीन चुका निघाल्या, म्हणून तो बाजूला ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. लिखाणाला सुरुवात रविवार, ९ नोव्हेंबर.

कलम १. राहते घर, बँकेतली सर्व शिल्लक आणि कुरुळीचा गाळा नंबर ७ माझी पत्नी विजयश्री हिला मिळावा. यात कोणी वाटा मागू नये. तिने माझ्याशी संसार केला, एवढं कारण पुरे आहे. टेलिप्रिंटर घरात आणायला तिने पहिल्या दिवशीच मनाई केली होती. "तो घरात आला तर मी बार्शीला जाते, तिकडे तुमचे कागद पाठवा," असं म्हणाली होती. तेव्हा राग आला होता. सत्तर किलोचं धूड आणि त्याचा आवाज पाहता तिचं बरोबर होतं.

कलम २. लेथ, ड्रिल मशीन आणि डिझेल जनरेटर गणराजला द्यावा. गणराज माझ्याकडे एकोणीस वर्षे काम करतो. त्याला मोजमाप कळतं आणि गप्प बसणं कळतं. या पट्ट्यात पहिला गुण क्वचित सापडतो, दुसरा सापडतच नाही. जनरेटरबद्दल त्याच्यासाठी सूचना: गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, हे त्याला माहीत आहे. त्या दिवशी गाळ्यात कोणी नसतं, म्हणून माझं खासगी काम मी बहुधा गुरुवारी, जनरेटर लावून करत आलो. हा जनरेटर लेथचा भार असला की शहाण्यासारखा चालतो. नुसती एक ट्यूबलाइट आणि एक लहान मोटार लावली की उधळतो, ठरल्यापेक्षा जोरात पळतो. नाजूक कामाला वापरू नये.

कलम ३. आता टेलिप्रिंटर. पूर्वी तारघरात असायचं ते हे यंत्र. टाइपरायटरसारखा कळफलक, आत मोटार, आणि तारेवरून आलेलं अक्षर कागदावर आपोआप छापणार. तार बंद झाली त्या वर्षी हे कुरुळीत सोजराबाईंच्या भंगाराच्या दुकानात पत्र्यांखाली पडलं होतं. आमचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"शिवनाचं मशीन हाय का टाइपरायटर, कुनीच घेईना. तुमी कशाला नेताय?"

"चालवायला."

"आन् मंग?"

"मग काही नाही. चालवायचं."

"येडं म्हनावं का शानं तुमाला, वायकुळे," असं म्हणून त्यांनी वजनकाट्यावर चढवलं.

दोन वर्षे लागली. दोनशे बारा पानांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. अठरा खटके हाताने घासून बनवले. मग यंत्राची जुनी भाषा आणि कॉम्प्युटरची आजची भाषा यांच्यात दुभाष्याचं काम करणारं सर्किट बनवलं. तेव्हापासून गाळ्यातल्या कॉम्प्युटरला स्क्रीन नाही. टेलिप्रिंटरवर हुकूम टाइप करायचा, कॉम्प्युटरचं उत्तर कागदावर छापून येतं. सेकंदाला सात अक्षरंसुद्धा नाहीत. ऑर्डरी, मापं, मालाची यादी, सगळं त्यावर चालतं.

बघायला आलेले इंजिनिअर विचारतात, "इतकं स्लो का?" कारण तुम्ही जे मागवता त्यातलं निम्मं तुम्हाला नकोच असतं. सेकंदाला सात अक्षरं मिळणार म्हटल्यावर माणूस मागण्याआधी विचार करतो. दुसरा प्रश्न ठरलेला: "पुसायचं बटण कुठाय?" नाही. चूक झाली की ती कागदावर राहते. खाली नवी ओळ घ्यायची आणि बरोबर लिहायचं, वरची तशीच ठेवायची. स्क्रीनवाल्यांना हे झेपत नाही. ते पुसतात, आणि पाच मिनिटांनी आपली चूक झालीच नव्हती असं शपथेवर सांगतात.

कलम ४. हे यंत्र माझे मेहुणे मधुसूदनराव, बी.ई., यांच्या हाती कोणत्याही मार्गाने पडू नये. हे गृहस्थ हिंजवडीच्या एका कंपनीत सल्लागार आहेत. कशाचा सल्ला देतात ते तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात मी दवाखान्यात असताना ते भेटायला आले, सफरचंदं ठेवली आणि म्हणाले, "दाजी, तुमचं ते मशीन आमच्या रिसेप्शनला काय दिसेल! काचेच्या पेटीत ठेवू. आतलं सगळं काढून टाकू, वजन फार आहे. कागदाच्या जागी छोटा स्क्रीन बसवू, त्यावर अक्षरं पळतील."

माझ्या छातीला त्या वेळी तारा लावलेल्या होत्या, म्हणून ते वाचले. चाळीस वर्षे इंजिनिअर म्हणवून घेतलेल्या माणसाला यंत्रातलं यंत्रच काढावंसं वाटतं, यापलीकडे त्या डिग्रीबद्दल लिहिण्यासारखं नाही.

~~सबब, माझ्या पश्चात चालवणारा कोणी नसल्याने गणराजने यंत्राचा स्क्रू न् स्क्रू सोडवावा, मुख्य सांगाडा घणाने फोडावा आणि सर्व तुकडे सोजराबाईंना फुकट द्यावेत. काचेत बसण्यापेक्षा भट्टीत गेलेलं बरं.~~ (खोडले. ज्यो. कि. वा.)

कलम ५. माझा मुलगा सुजित, राहणार पिंपळे सौदागर, सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला माझं मनगटी घड्याळ द्यावं. ~~यंत्राला त्याने हात लावू नये. त्याने दिलेला वेग तपासायचा काटा न उघडलेल्या डब्यासह त्याला परत करावा.~~ (खोडले. ज्यो. कि. वा.)

कारण लिहिणं भाग आहे. ३० नोव्हेंबर २०१९, शनिवार. निगडीकडच्या एका कॉलेजात मला यंत्र दाखवायला बोलावलं होतं. दोनशे माणसं बसली होती. दुभाष्याचा प्रोग्रॅम मूळ माझा, सुजितने तो "नीट" करून दिला होता. नीट करताना एक गोष्ट बदलली. दर अक्षरानंतर यंत्राला मी दीड ठोक्याची विश्रांती ठेवली होती, त्याने ती एक ठोका केली. पुस्तकात तेवढी पुरते म्हणाला. मी बटण दाबलं. पाहुण्यांच्या नावाच्या जागी यंत्राने कंस छापले, प्रश्नचिन्हं छापली आणि अकरा वेळा घंटा वाजवली. पहिल्या रांगेतून मधुसूदनराव ओरडले, "दाजी, आरती सुरू झाली का?" हॉल हसला.

सुजित माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, प्रोग्रॅम बरोबर आहे. मोटारीचा वेग बघा."

मी माइकसमोरच होतो. म्हणालो, "एवढं शिकवलं, तरी यंत्राला श्वास घ्यायला जागा लागते हे कळत नाही. माझ्या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही." पुढेही बोललो. ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून तो सणावाराला घरी येतो, आईशी बोलतो, मला "तब्येत?" विचारतो. गाळ्यात पाय ठेवलेला नाही.

काट्याबद्दल. मोटारीचा वेग तपासायला टेलिप्रिंटरवाले कंप पावणारा एक चिमटा वापरतात. त्याच्या टोकांना फट ठेवलेल्या दोन पत्र्या असतात. फटीतून चाकाकडे बघायचं, वेग बरोबर असला तर चाकावरचे पट्टे स्थिर दिसतात. सुजितने पहिल्या पगारातून असला जुना काटा परदेशातून मागवून मला दिला होता. मी डबा उघडला नाही. म्हणालो, ज्याचे डोळे गेलेत त्याला काटा लागतो. माझी पद्धत वेगळी आहे. चाकावर मी स्वतः पांढरे-काळे पट्टे रंगवले आहेत. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात पट्टे उभे राहिले की वेग बरोबर. फुकटचा काटा, छताला टांगलेला.

कलम ६. माझ्या देखभालीच्या नऊ वह्या यंत्रासोबतच नष्ट कराव्यात. तत्पूर्वी, कोणी शंका घेऊ नये म्हणून त्यांतल्या महत्त्वाच्या नोंदी येथे उतरवून ठेवतो. माझ्या वह्यांत तारीख, वार आणि काम लिहिल्याशिवाय पान उलटत नाही.

वही चौथी. २८ नोव्हेंबर २०१९, गुरुवार: कार्यक्रमाची तयारी. मोटारीचा वेग नव्याने लावला. पट्टे पूर्ण स्थिर.
३० नोव्हेंबर, शनिवार: कार्यक्रम. नासला. कारण: सुजितचा प्रोग्रॅम.
२ डिसेंबर, सोमवार: यंत्र साफ केले. वेग पुन्हा लावला. विश्रांती दीड ठोका केली. छपाई निर्दोष.

येथे लिखाण थांबवले. बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळचे दहा वीस.

पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी.

गुरुवारी लाइट नसते. म्हणजे पट्टे मी जनरेटरवरच्या ट्यूबलाइटमध्ये बघितले. रिकामा जनरेटर उधळतो, हे मीच वर कलम २ मध्ये लिहिलं आहे. तो उधळला की ट्यूबलाइटही जास्त लुकलुकणार, आणि त्या लुकलुकीला पट्टे जुळवले म्हणजे मोटार तेवढीच जास्त पळणार. सोमवारी मी वेग लावला तो लाइनीच्या, म्हणजे वीजमंडळाच्या, लाइटवर. तेव्हा यंत्र सुधारलं ते कशाने?

अंदाजावर मी काही लिहीत नाही. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे. गाळा तळमजल्यावर आहे. गणराजला घेऊन गेलो. सुजितचा तेव्हाचा प्रोग्रॅम मी पुरावा म्हणून जपून ठेवला होता. तो चढवला. विश्रांती एक ठोका. चाळीस ओळी छापल्या. चूक: शून्य. मग गणराजला जनरेटर लावायला सांगितला, ट्यूबलाइट त्यावर घेतली, वेग त्या उजेडात लावला. कंस. प्रश्नचिन्हं. घंटा.

गणराज म्हणाला, "मालक, बंद करू का?"

म्हणालो, "राहू दे. वाजू दे थोडी."

मग डब्याचं सील फोडलं. लाइन परत घेतली, काट्याच्या फटीतून बघत वेग लावला. पट्टे उभे राहिले. काटा उत्तम आहे.

सुजितला फोन केला.

"हॅलो, बाबा? तब्येत?"

"तब्येत राहू दे. कॉलेजच्या कार्यक्रमाआधी मी वेग कुठल्या वारी लावला होता?"

तो म्हणाला, "गुरुवारी. जनरेटरवर."

"तुला माहीत होतं?"

"त्याच आठवड्यात कळलं. आईला सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

प्रश्न नोंदवून ठेवतो. उत्तर नोंदवत नाही.

घरी येऊन विजयश्रीला विचारलं. ती म्हणाली, "डबा भरताना तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, लोणचं वेगळं बांध."

कलम ७. कलम ४ मधली मोडतोडीची आणि कलम ५ मधली मनाईची आज्ञा रद्द. कलम ६ मधल्या वह्या नष्ट करू नयेत. चौथी तर मुळीच नाही. टेलिप्रिंटर, काटा, दुभाष्याचं सर्किट, अठरापैकी जादा बनवलेले चार खटके आणि नऊ वह्या सुजितला मिळाव्यात. अटी: आठवड्यातून एकदा चालवावा. काचेत ठेवू नये. वेग काट्यानेच लावावा. मधुसूदनमामांना बघू द्यावा, हात लावू देऊ नये. पुन्हा आरतीबद्दल विचारलं तर हसू नये.

३० नोव्हेंबर २०१९ रोजी माइकवरून सुजितबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं. प्रोग्रॅम बरोबर होता, वेग मी चुकवला होता. ते दोनशे लोक पुन्हा गोळा करणं माझ्या हातात नाही, म्हणून येथे लिहून नोंदणी करवत आहे. याचा अर्थ त्याचा प्रोग्रॅम देखणा आहे असा कोणी काढू नये. आतली नावं त्याने भिकार दिली आहेत.

सोमवारी पंप चालू झाला, तर हे सगळं मी त्याला समोर बसवून दाखवीन. तो शनिवारी गाळ्यात येतो म्हणाला आहे.

चित्राबाईंचा आग्रह आहे की खोडलेली कलमं काढून स्वच्छ प्रत करावी. करणार नाही. कुठे चुकलं आणि कोणी चुकवलं ते कागदावर दिसलं पाहिजे. मला पुसायच्या बटणाची सवय नाही. खोडलेल्या प्रत्येक जागी माझी सही आहे.

सही: ज्योतीराम किसन वायकुळे

साक्षीदार:
१. अण्णासाहेब, शेजारी, संत तुकाराम नगर. त्यांनी सगळं वाचलं, काही विचारलं नाही, याबद्दल आभार.
२. सोजराबाई, भंगार व्यवसाय, कुरुळी. कलम ४ मधली मोडतोड रद्द झाल्याने त्यांना यातून काहीच मिळत नाही, सबब साक्षीला मोकळ्या. वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. मलाबी फोडवलं नसतं." डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: गाळा नंबर ७, कुरुळी.
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, वार शुक्रवार. लाइट लाइनीची, जनरेटरची नव्हे.