मोजणी थांबलीच नाही

प्रिय भोंग्या,

तुझा फोन बंद आहे. तुझ्या लेकीला लावला तर ती म्हणाली, "काका, बाबा बरे आहेत, फक्त बोलत नाहीत." तू आणि बोलत नाहीस! मला आधी हसूच आलं. ज्या माणसाने उभा जन्म भाजीबाजारात लिलाव पुकारला, ज्याच्या आवाजाने समोरच्या गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायची, तो लेकीच्या गच्चीत खुर्ची टाकून गप्प बसलाय म्हणे. म्हणून पत्र लिहायला घेतलं. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकं टाकून गेलेल्या वर्तमानपत्रांवर शिकलेला माणूस मी, तेव्हा चुका पोटात घाल.

इकडे माझं काही खरं नाही. सकाळी लवकर दुकान उघडतो आणि कामच सुचत नाही. धार लावलेल्या कात्रीलाच परत धार लावतो. काल तर एकाच गिऱ्हाइकाच्या गालाला दोनदा साबण लावला. तो म्हणाला, "मामा, आज काय अंघोळ घालताय का?" तुझी वहिनी म्हणते, घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरू नका, एक तर बसा नाहीतर बाहेर जा. बाहेर जातो, तर पाय आपोआप कॉलेजच्या हॉलकडे वळतात. फाटकापर्यंत जातो आणि परत येतो.

कॉलेजच्या पोरींची बास्केटबॉलची फायनल होऊन इतके दिवस झाले, तरी दुकानात दुसरा विषय नाही. रंगवाला शेठ अजून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. गणिताचे मास्तर आरशावर माझ्याच साबणाने मैदान काढून दाखवतात, की कॅप्टन इथे होती, बास्केट इथे, मधे दोन पोरी मोकळ्या, पास द्यायचा सोडून अर्ध्या मैदानावरून बॉल भिरकावला, आणि घड्याळात अजून दहा-बारा सेकंद बाकी! मग पुसायला मीच. परवा एकजण दाढीला बसला होता, म्हणाला, "त्या पोरीला घड्याळ वाचायला शिकवा आधी." वस्तरा नेमका त्याच्या गळ्यावर होता. मी म्हटलं, हलू नका. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण दाढी होईपर्यंत त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

दुकानातल्या बाकावरची तुझी जागा रिकामी आहे. तिथे कोणी बसत नाही. आणि गंमत बघ, सगळ्यांवर चर्चा होते. रेफरीवर, कोचवर, पोरीवर, हॉलमधल्या एका बाजूच्या बंद पडलेल्या घड्याळावरसुद्धा. फक्त आपल्या मोजणीचा विषय निघाला की शेठला दुकान आठवतं आणि मास्तरांना खोकला येतो.

तुला आठवतं, ही मोजणी तूच काढलीस? बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकावाच लागतो, हा नियम मास्तरांनी समजावला तेव्हा तुझे डोळे लहान पोरासारखे चमकले होते. पुढच्याच मॅचला, समोरच्या टीमकडे बॉल असताना, तू उभा राहून सुरू केलंस, पाच! चार! तीन! खरं तर त्यांच्याकडे रग्गड वेळ होता, पण त्या पोरी बावरल्या आणि बॉल कुठेतरी भिरकावून मोकळ्या झाल्या. काय हसलो होतो आपण! मग ती आपली रीतच पडली. समोरच्यांकडे बॉल गेला की तू डोळे मिटायचास, लिलावात मिटायचास तसे, आणि बोली सुटायची. मागे आम्ही सगळे. कितीतरी मॅच आपण हॉलमधल्या बाकावर बसून जिंकल्या, असं मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आलो.

फायनललाही तेच. एका गुणाने आपण मागे, बॉल त्यांच्याकडे, हॉल नुसता उकळत होता. तू डोळे मिटलेस आणि सुरू झालास. पाच, चार. तेवढ्यात आपल्या कॅप्टनने त्यांच्या हातातून बॉल असा काढून घेतला की मी जागच्या जागी उडीच मारली. पण भोंग्या, मोजणी थांबली नाही. तुझे डोळे मिटलेले होते, तुला दिसलंच नाही. आमचे उघडे होते, तरी आम्हीही ओरडतच राहिलो. तीन! दोन! ती आपल्या बास्केटकडे धावत होती. चालू असलेलं एकच घड्याळ तिच्या पाठीमागे. आणि एकवर तिने बॉल टाकला. बॉल बास्केटच्या जवळपासही गेला नाही. पुढचं तुला माहीत आहे. शिट्टी वाजली तेव्हा तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. ती नजर काही माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाव सोडून लेकीकडे निघून गेलास, मला न सांगता. मला राग आला नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो, फक्त मला पळून जायला लेक नाही.

मंगळवारी आपली कॅप्टन माझ्याकडे आली होती, केस कापायला. होस्टेलला राहायला आली तेव्हापासून माझ्याचकडे कापते. बायकांच्या पार्लरमध्ये फार वेळ काढतात म्हणते. नेहमी खुर्चीत बसल्यापासून तिची टकळी सुरू असते. त्या दिवशी आरशातसुद्धा बघत नव्हती. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी घसा खाकरला, कात्री दोनदा हवेतच चालवली आणि शेवटी विचारलं, पोरी, घाई का केलीस गं? ती म्हणाली, "काका, तुम्ही सगळे मोजत होतात ना?" मी म्हटलं, अगं पण आम्ही तर खोटंच मोजतो, तुला काय माहीत नाही? त्यावर ती म्हणाली, "ते त्यांच्यासाठी. बॉल माझ्या हातात आला होता काका. मला वाटलं, आता माझ्यासाठी मोजताय."

भोंग्या, माझ्या हातातली कात्री थांबली. तिच्या मानेवर केस चिकटले होते, ते आधी झटकले.

मी म्हटलं, मग कोचना हे सांगितलंस का? तर म्हणाली, "काय सांगू? आपल्याच लोकांमुळे झालं म्हणू? ते आजोबा किती जीव लावून ओरडतात." आजोबा म्हणजे तू. कोचने कॉलेजच्या खेळाच्या कमिटीला लिहून दिलंय, की मुलीचं डोकं ऐन वेळी ठिकाणावर राहत नाही, तिला टीममधून काढावं. टीम गेली की होस्टेलची खोली जाते, कारण ती खेळाच्या कोट्यातली. खोली गेली की तिला गावी परत जावं लागेल, आणि तिथे कॉलेज नाही. हे सगळं तिने मला असं सांगितलं, जसं कोणी उद्याचं हवामान सांगतं. उठताना मात्र म्हणाली, "अजून थोडे बारीक करा काका, आता लवकर परत यायला जमणार नाही."

त्या संध्याकाळी मी बाकावरच्या मंडळींना गोळा केलं. झाला प्रकार सांगितला. म्हटलं, चला, सगळे मिळून कॉलेजात जाऊ, कमिटीला सांगू. शेठ म्हणाला, "मामा, भोंग्या म्हातारा माणूस, त्याचं नाव कशाला खराब करायचं? आणि मोजणी काय, समोरच्या पब्लिकनेही केली असेल." मास्तर चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाले, हॉलमध्ये आपल्याला परत घेणार नाहीत हो. म्हणजे बघ, तुझ्या नावाची काळजी आहे, आपल्या बाकाची काळजी आहे. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढे घसे फोडून ओरडलात, आता हळू आवाजात बोलायला काय झालं?"

चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि टाकून दिलं. प्रत्येक वेळी तुझी तब्येत, लेकीचं घर, तिथलं पाणी मानवतं का, असलंच काहीतरी लिहून थांबत होतो. आज थांबत नाही. पुढच्या शुक्रवारी कमिटी बसणार आहे आणि मी तिथे जाणार आहे, एकटा. मोजणी कशी सुरू झाली, का सुरू झाली, आणि बॉल तिच्या हातात आल्यावरही कशी चालू राहिली, सगळं सांगणार. पहिलं नाव माझं घेईन. पण मोजायला सुरुवात कोणी केली हे ते विचारतील, आणि तेव्हा मी तुझं नाव घेणार आहे. मी इतका जुना दोस्त, मीच तुझं नाव सांगितलं, हे तुला शेठकडून कळू नये. तू आलास तर दारात तुझी वाट बघतो, आपण दोघं आत जाऊ, बोलायचं मी बघतो. नाही आलास तरी मी जाणारच. रागावायचंच असेल तर हे वाचून रागाव. मागाहून, दुसऱ्याचं ऐकून नको.

तुझाच, अजून तरी,
मामा सलूनवाला