आखाजी आणि पुढचं डावं चाक

८ मे १९९४, रविवार. सकाळी ७.
जीपच्या पुढच्या डाव्या चाकात हवा नाही. काल संध्याकाळीच भरली होती. हरकत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, शुक्रवारी; बहिणीला, झुंबरअक्काला, माहेरपणाला आणायला भडगावला जायचं बुधवारी. तीन दिवस म्हणजे भरपूर.

सकाळी ९.
कोपऱ्यावरच्या जीवराम पंक्चरवाल्याकडे नेणार नाही. परवा त्याने चार लोकांत विचारलं, मोतीभाऊ, जीप चालवता की नुसती धुता? त्याचा हात माझ्या टायरला लागू देणार नाही. टायर घरीच काढणार.
रद्दीत एका अमेरिकन मासिकाची पानं सापडली. तिकडे लोक अंगणात टायर बदलतात. चित्रात चार जाड चाकांची मोटारसायकल आहे, पण तत्त्व एकच: आधी रिमला चिकटलेली टायरची कड सोडवा. पान दोनपासून सुरुवात आहे. पहिल्या पानावर प्रस्तावनाच असणार.

दुपारी १२.
चाक उतरवलं. व्हॉल्व्हची पितळी टोपी हरवू नये म्हणून खिशात ठेवली. माणसाची शिस्त इथे दिसते.

९ मे, सोमवार.
ऑफिसला सर्दी कळवली. मे महिन्यात सर्दी, पण रजा मिळाली.
कड सुटावी म्हणून टायरवर उभा राहिलो. मग भागाबाईला उभं केलं. मग दोघं उभे राहिलो. ती म्हणाली, समोरच्या बघताहेत, लग्नात तरी एवढे जवळ उभे होतो का? टायर ढिम्म.
दुपारी घण मारला. रबरावरून उसळून वाळत घातलेल्या कुरडयांच्या खाटेवर गेला. भागाबाई अबोल आहे. एकाग्रतेला बरं.

१० मे, मंगळवार.
युक्ती सुचली. टायर बंपरखाली ठेवला, त्यावर जॅक. जीपच्या वजनाने कड दबणार. जीप वर गेली, टायर तसाच. तरी काहीतरी हललं हे महत्त्वाचं.

संध्याकाळी ५.
भागाबाईचा अंगाचा साबण कालवून कडेला ओतला, पुन्हा जॅक. धाडकन आवाज. सुटली! आमच्या जळगावच्या अख्ख्या मेहरूण भागात घरच्या घरी कड सोडवणारा मी पहिलाच असेन. जीवराम सायकलवरून जाताना बघून गेला. जळला असणार.

११ मे, बुधवार.
आज निघायचं होतं. ट्यूब फुगवून बादलीत बुडवली. व्हॉल्व्हमध्ये पाणी शिरू नये म्हणून ते टोक वर धरलं. एकही बुडबुडा नाही. म्हणजे पंक्चर नाहीच. मग हवा का गेली? उन्हाने.
बसवताना टायर चढवायच्या लोखंडी टामीत ट्यूब चिमटली. आता पंक्चर आहे.
अक्काला मीच कार्ड टाकलंय, जीप घेऊन येतो, एसटीने येऊ नकोस. वडील, नाना, गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी. न्यायला मुऱ्हाळी आला नाही तर तिची सासू काय काय बोलेल ते माहीत आहे. पिशवी भरून ओट्यावर बसली असेल. उद्या पहाटे नक्की.

१२ मे, गुरुवार.
ठिगळ लावलं. टायर चढवला. सायकलच्या पंपाने हवा भरली. चारशेनंतर मोजणं सोडलं. चाक लावून आंघोळीला गेलो. परत येतो तर चाक बसलेलं.
पुन्हा भरली. पुन्हा बसलं. भागाबाई म्हणाली, एसटीने जा. म्हटलं, कार्डात जीप लिहिलंय. दुपारी जेवलो नाही. उद्या पहाटे अगदी नक्की.

१३ मे, शुक्रवार. आखाजी.
पहाटेपासून हवाच भरतोय. अकरा वाजता जीवराम सायकल ढकलत आला. हँडलला अक्काची पिशवी, मागून अक्का. एसटीत जळगावपर्यंत उभी आली. सासरी सांगून निघाली की गल्लीत जीप शिरत नाही, भाऊ स्टँडवर उभा आहे. दोन दिवस वाट पाहून माझ्यासाठी खोटं बोलली. मला तिच्याकडे बघवेना.
जीवरामने व्हॉल्व्हला थुंकी लावली. बुडबुडा आला. व्हॉल्व्हच्या आतली पिन ढिली. टोपी कुठाय म्हणाला. मी अभिमानाने खिशातून काढून दिली. त्याने ती उलटी धरली. तिच्या शेंड्याला खाच असते, पिन पिळायला. पिन दोन आटे पिळली. पुन्हा थुंकी. बुडबुडा नाही.
सहा दिवस ती माझ्या खिशात होती. पहिल्या पानावर बहुतेक हेच असावं.
जीवराम हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
अक्का म्हणाली, रविवारी सोडायला तरी जीपने चल, आणि आमच्या गल्लीत हॉर्न वाजव. म्हटलं, गल्लीत जीप शिरत नाही ना? ती म्हणाली, "शिरस रे. आख्खा ट्रॅक्टर शिरस."
हवा भरून झाली. सवयीने टोपी खिशात टाकत होतो. अक्काने हात धरला.
"भाऊ, आते खिसामा नको ठेवू."
तिनेच लावली.