तळ्याखालची ओसरी

३ एप्रिल, सोमवार
गादीला ओल्या कुत्र्याचा वास येतो आणि किटलीत कोळ्यानं संसार थाटलाय. हे आधी लिहिते, मग बाकीचं. वही मासे मोजायला दिलीय, पण कागद फुकट का घालवा.

बाकी जागा झकास. पुढं धरणाचं तळं, मागं ट्रकचा रस्ता. माझ्याआधीची बाई काम अर्धं टाकून गेली म्हणे. चष्मा मात्र खिडकीत विसरली.

काम सोपं. सकाळी सापळे उचलायचे, अंड्यावर आलेल्या थोराड वामी टाकीत सोडायच्या. माझा भाचा, पारातेने नाव त्याचं, त्यांना ट्रकनं धरणाखाली नेऊन नदीत सोडतो. तिथून त्या समुद्रात अंडी घालायला जातात. धरण झाल्यापासून भिंतीला डोकं आपटूनच मरायच्या. पारातेने म्हणाला, मावशी, या तुझ्याच वयाच्या. म्हटलं, मग त्यांच्यासमोर तोंड सांभाळून बोल.

पंधराला नात हुइया मला न्यायला येईल.

६ एप्रिल, गुरुवार
अकरा वामी. पहिली रिवाजाप्रमाणे पाण्याला परत दिली.

दुपारी तळ्याच्या धक्क्यावर होते. पाण्याकडून बाईची लांब हाक आली, सभाघराच्या ओसरीतून पाहुण्यांना घालतात तशी. आमच्यात हाक पडली की पाहुण्यांतल्या बाईनं उत्तर द्यायचंच. साठ वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं, उत्तर गेलं. मग आठवलं, आमचं जुनं सभाघर धरणात गेलं. ते तिथंच आहे, पाण्याखाली.

पारातेनेला सांगितलं तर म्हणे, पुढच्या वेळी मी देतो उत्तर. म्हटलं, पुरुषाचं उत्तर हाकेला लागत नाही, गाढवाच्या ओरडण्यासारखं वाया जातं. लहानपणी दिलं होतंस तेव्हा कानफटात खाल्लीस, विसरलास वाटतं.

८ एप्रिल, शनिवार
पुन्हा हाक. दात आवळून बसले, तरी उत्तर गळ्यातून गेलंच.

उत्तर दिलं की पाहुणा आत आला. मग यजमान जेवू घालतात, तेव्हाच निरोप. न जेवता उठता येत नाही. इथं कुणी जेवायला वाढत नाही.

गाठोडं उचलून रस्त्यानं निघाले. वळण घेतलं तर समोर तळ्याचा तोच धक्का. परत निघाले. पुन्हा धक्का. रस्ता सापळ्याच्या गळ्यासारखा झालाय. आत येताना ऐसपैस, बाहेर जाताना काड्या टोचतात.

१० एप्रिल, सोमवार
ट्रक आला. मी पारातेनेच्या पुढ्यात उभी. त्यानं मावशी, मावशी करत माझ्यातून पलीकडं पाहिलं. मी त्याच्या बापाचा उद्धार केला, तेही ऐकलं नाही. पावाची पिशवी पायरीवर ठेवली. फोनवर हुइयाला म्हणाला, म्हातारी कुठं भटकतेय देव जाणे.

पिशवी त्याला दिसते. मी नाही.

१२ एप्रिल
पाय गार. आता ओसरी दिसते, पाण्यातून. चष्मेवाली तिथं बसलीय. चष्म्याशिवाय — अजून जेवायची वाट बघत —

१४ एप्रिल
आज हाक माझ्याच तोंडून गेली. हाक घालायला ओसरीवर आता मला बसवलंय.

उद्या हुइया. पोरगी उत्तर द्यायला गेल्याच वर्षी शिकली. मीच शिकवलं, चापट्या मारून —

वही पावाच्या पिशवीत ठेवते. ती दिसेल.

हुइया, उद्या माझा आवाज येईल. गोड असेल. तू तोंड उघडायचं नाहीस. रडतानाही नाही. उत्तर पारातेनेनं द्यायचं. गाढवासारखं, मोठ्यानं. त्याचं वाया जातं, आत ओढत नाही, म्हणूनच त्यानं. तू ओठ —