तू मोजलेले श्वास

तुला,
काय म्हणून हाक मारावी, ते घटस्फोटानंतर ठरवताच आलं नाही.

छापखान्यात कागद कापायच्या यंत्रापाशी मला डुलकी लागली, बोट थोडक्यात वाचलं. मालकांनी दवाखान्यात धाडलं. तिथे कळलं, हृदयाचे ठोके चुकतात आणि झोपेत माझा श्वास पुन्हापुन्हा थांबतो. आता तोंडावर हवेच्या यंत्राचा मुखवटा बांधून झोपतो. सहा महिन्यांत रक्तदाब उतरलाय, ठोकेही सुधारलेत. गुण यंत्राचा किती नि गोळ्यांचा किती, हे डॉक्टरबाई छातीठोकपणे सांगत नाहीत.

माझा गोंधळ वेगळाच आहे. हल्ली मी चिडत नाही. मग इतकी वर्षं तुझ्यावर खेकसत होता तो कोण? मी, की माझी अपुरी झोप? झोपेवर ढकलणं फार सोयीचं वाटतं. स्वतःवर घ्यावं, तर तो माणूस ओळखू येत नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "श्वास थांबतो, असं घरी कुणी कधी बोललं नाही?"

"नाही," म्हणालो.

तू बोलली होतीस, तुझ्या भावासमोर. "मी रात्रभर यांचे श्वास मोजत बसते." मी हसून म्हटलं होतं, "हिला दुसरा उद्योग नाही."

काल बाईंना खरं सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'पत्नीच्या लक्षात आलं होतं.' त्यातला 'पत्नी' हा शब्द खोडायला सांगावा की नाही, मला सुचलं नाही. तसाच राहिला.

बारा वर्षं तुझा होता, तो