पुसलेलं कडवं

दाजी,

शेवगावला सगळी खुशालच असतील.

काल तिसगावच्या बाजारात भोंग्यावर माझं गाणं ऐकलं. तुमच्या टेपवर गायलेलंच हाय, मधी तुमची शेळी वरडती. फक्त शेवटचं कडवं न्हाई, ज्यात रचणाऱ्याचं नाव येतं. भोंगेवाला म्हणला, गाणं शेवगावच्या रंगनाथरावांचं, म्हंजे तुमचं. ढोलकी बसवायला अल्लाबक्षला ऐकवतो म्हणून फीत तुमी ठेवून घेतली. त्याच्यापर्यंत ती पोचलीच न्हाई.

हे पत्र धाडणार न्हाई. तुमाला पत्रं माझी बहीणच वाचून दाखवती.

मी गात हुतो तवा तुमी अंगणात कोंबड्या हाकत हुता. पुसायच्या आधी तरी ते कडवं ऐकायचं, दाजी. त्यात माझ्या नावाआधी तुमचं नाव घातलं हुतं.

तुमचा मेव्हणा,
सहादेव