फाटक आता भंगारात द्यावे

मी, खाली सही करणारा निवृत्त मुद्रितशोधक, बुद्धीने शाबूत व कानाने अर्धवट, कोणाच्याही दडपणाविना माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावीत आहे. आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर मुलीला व जावयाला समान हक्काने मिळावे. पत्नीचा वास्तव्याचा हक्क तहहयात अबाधित राहावा. आधीच्या मृत्युपत्रात मुलीचे नावही नव्हते. त्याचे कारण आता सांगता येते.

२. पोलीस ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी भर दुपारी दारूच्या अंमलात मोटार चालवून आमचे फाटक तोडले आणि फाटकामागे उभ्या असलेल्या माझ्या पत्नीचा पाय मोडला. हवालदार असलेला माझा जावई गल्लीच्या तोंडाशी नाकाबंदीवर होता. तो धावत आला. त्याच सकाळी हजेरीच्या वेळी साहेबांनी बजावले होते, "माझा बाप आला तरी फुंकायला लावा!" जावयाने दारू तपासायची नळी पुढे केली.

"मला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुमचाच हुकूम आहे, साहेब. बापाला सूट नाही, मग तुम्हाला कुठून देऊ?"

सगळी गल्ली बघत होती. साहेबांनी फुंकले.

फिर्यादीत 'मोटारीची धडक बसली' असे लिहिले होते. मोटार दारू पीत नाही, असे सांगून मी ते वाक्य बदलून घेतले.

३. खटल्यात जावई मुख्य साक्षीदार होता. त्याच्या साक्षीला लोभाचा डाग लागू नये, म्हणून मी आधीच्या मृत्युपत्रात घर मुलाच्या नावे लिहिले. साहेबांच्या वकिलाने जावयाला विचारलेच, "सासऱ्याच्या घरावर डोळा आहे ना?"

"त्या घरात मला चहासुद्धा अर्धा कप मिळतो, वकीलसाहेब."

मी ते मृत्युपत्र न्यायालयापुढे ठेवले. वकील खाली बसले. मुलगी मात्र उठून गेली. तिला कारण सांगितले असते, तर तो आमच्यातला छुपा करार ठरला असता. निकालाआधी मी मेलो असतो, तर घर खरोखरच मुलाचे झाले असते. म्हणून जगणे भाग होते. पथ्यपाणी सांभाळून जगलो.

काल अपील फेटाळले गेले. साहेबांची वर्दी गेली, जावयाची शाबूत आहे. मी गोळीवाचून झोपलो.

४. बचत व सर्व शब्दकोश मुलाला. "बाबा, पोलिसांशी वैर कशाला? मिटवून टाका," हा त्याचा सल्ला मी विसरलेलो नाही, आईला दवाखान्यात त्यानेच नेले-आणले, हेही विसरलेलो नाही. घर बहिणीकडे गेल्याचे कळताच तो म्हणाला, "सुटलो! छताची गळती आता दाजींच्या डोक्यावर."

५. मोडके फाटक पुरावा म्हणून जपले होते. ते भंगारात द्यावे.

जावयाने साक्षीदाराच्या सहीसाठी पेन उघडले होते. लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, असे सांगून मी ते काढून घेतले. त्याची साक्ष झालेली आहे. चहा मात्र आज त्याला काठोकाठ भरून दिला.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही) २. पत्नीचा पाय बसवणारे डॉक्टर (सही)
स्थळ: घराची पुढची खोली, फाटकासमोर
दिनांक: अपिलाच्या निकालानंतरचा दिवस, सकाळ