तोंडात मिश्री असताना

रवि. ११ जाने.
आज चर्चमध्ये साक्षीची वेळ. धाकटी जाऊ शोभा, आमच्या मागच्या घरातली, उभी राहिली. बाप्तिस्म्याला वर्षही झालं नाही अजून. सगळ्यांसमोर म्हणते, "मला मिश्रीची सवय हाय. सुटतच न्हाई. प्रार्थना करा." लाज म्हणून नाही! बायका रडल्या, पाळकसाहेबांनी डोळे पुसले. इतकी वर्षं महिला सभा मी चालवते, माझ्यासाठी कोणाचा डोळा ओला झालेला आठवत नाही. घरी येऊन मोरीत जरा मिश्री लावली, वर बडीशेप. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

बुध. १४
संक्रांत. शेजारच्या कावेरीकाकू तिळगूळ घेऊन आल्या. मी दारातूनच परत केला, देवापुढचं आम्हाला चालत नाही. शोभाने तिच्या दारात घेतला, खाल्ला, वर काकूंच्या गुडघ्यासाठी उंबऱ्यातच प्रार्थना केली. तेव्हापासून काकू तिलाच हाका मारतायत. जळते मी. हो, जळते.

शुक्र. १६
उपास. पाणीसुद्धा नाही. (मिश्री पोटात जात नाही, ती उपासात धरत नाही.)
दुपारी मोरीत घासत होते, तोंड भरलेलं, तेवढ्यात मागच्या दाराने शोभा. रडत. "अक्का, आज परत लावली म्या. डोक्यावर हात ठेवा माझ्या." आणि पुढ्यात बसलीच. तोंड उघडावं तर कळणार, थुंकावं तर तिच्यासमोर. ओठ घट्ट मिटून हात ठेवला. मनात एकच, ही बया जाते कधी. बऱ्याच वेळाने उठली, माझा हात डोळ्यांना लावून गेली.

रवि. २५
शोभाची पुन्हा साक्ष. त्या शुक्रवारपासून मिश्रीला शिवली नाही म्हणे. "अक्कानं एक शब्द न काढता प्रार्थना केली. इतकं आतून मागणारं माणूस म्या पाह्यलं न्हाई." सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. काय गोड वाटलं! पण माझा हात, आणि सुटली तिची. देवाने मला विचारलंसुद्धा नाही.
पाळकसाहेब म्हणाले, शुक्रवारची उपास-प्रार्थना तुम्हीच घ्या, अशीच, मुकी.

शुक्र. ३०
सकाळपासून लावली नाही. डोकं फुटतंय, अक्षर वेडंवाकडं येतंय. प्रभू, तिचं एका दुपारात केलंस, माझं का नाही?
मागितलंच कुठे मी. मागायचं तर मलाही आहे म्हणावं लागेल. कोणाला तरी डोक्यावर हात ठेव म्हणावं लागेल. आणि डोळ्यांसमोर येते ती शोभाच. दुसरी कोणी चालली असती.
ती मला सभेला न्यायला आलीय, ओसरीवर बसलीय. "जल्दी न्हाई अक्का, आवरा तुमचं."
आत्ता हाक मारली तिला, जरा आत ये म्हणून. चपला काढतेय. मिश्रीची डबी ओट्यावर उघडीच आहे. झाकायला फडकंही हाताशीच आहे. अजून